सिंकखालचा कुबट वास: ओल शोधण्यापासून कपाट पुन्हा भरेपर्यंत

श्रावणातली गोष्ट. मोठी परात हवी होती म्हणून सिंकखालचं दार उघडलं आणि ओल्या गोणपाटासारखा वास अंगावर आला. मी कापराच्या दोन वड्या ठेवल्या. आठ दिवसांनी डांबराच्या गोळ्या टाकल्या. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं, तेव्हा ते दार उघडायचंच नाही असं ठरवून टाकलं. अनंत चतुर्दशीनंतर कपाट रिकामं केलं, तर तळाचं प्लाय मधोमध फुगून वर आलेलं. बोटाने दाबलं की चहात बुडवलेल्या टोस्टसारखं आत जायचं. कापराने आणि गोळ्यांनी दीड महिना वास झाकला आणि खाली थेंब थेंब पाणी पडतच राहिलं.

त्यानंतर इंदूरमधली तीन सिंकं मी स्वतःच्या हाताने उघडली: लोकमान्य नगरातलं माझं, राजेंद्र नगरातलं बहिणीचं आणि रामबागेतलं आत्याचं. खाली दिलेला क्रम त्या तीन घरांत जमत गेलेला आहे. उघडणं, शोधणं, धुणं हे एका सकाळचं काम. सुकायला मात्र तीन-चार दिवस लागतात आणि तिथे घाई केली की सगळी मेहनत वाया जाते.

कुबट वास येतो तिथे पाणी आहे, ही एक गोष्ट मनात पक्की धरा. लाकूड, कागद, कापड ओलं राहिलं तर 24 ते 48 तासांत त्यावर बुरशी धरू लागते. ती बुरशी आणि तिच्या सोबतचे जिवाणू हवेत जी द्रव्यं सोडतात, तोच हा वास. त्यातलं एक जिओस्मिन. पहिल्या पावसात मातीला येणाऱ्या सुगंधातही तेच असतं. हवेत त्याचा अगदी नगण्य अंश असला तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. म्हणून डोळ्याला काही दिसत नसलं तरी नाकावर विश्वास ठेवा.

आधी वास कोणता ते ओळखा

दार उघडा, खाली वाका आणि शांतपणे वास घ्या. सगळे वास कुबट नसतात आणि प्रत्येकाचं मूळ वेगळ्या ठिकाणी असतं.

सर्वात आधी गॅस. आपल्याकडे सिलिंडर बरेचदा सिंकच्या शेजारच्याच कप्प्यात असतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळाला तर खालीच साचतो. त्यात मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा वास सडक्या कोबीसारखा येतो आणि नाल्याचा वास समजून माणूस फसतो. शंका जरी आली तरी रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याच्या किंवा पंख्याच्या बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर येऊन 1906 या एलपीजीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. सिंकचं काम नंतर.

सडक्या अंड्यासारखा वास गटाराच्या वायूचा, म्हणजे ट्रॅप (सिंकखालच्या पाइपचा पाणी अडवून धरणारा भाग) कोरडा पडलाय किंवा पाइप आणि फरशीतलं भोक यांच्यामध्ये फट आहे. आंबट, शिळ्या ताकासारखा वास ट्रॅपमध्ये अडकलेल्या खरकट्याचा आणि तुपा-तेलाचा. तेलकट, उग्र, कोपऱ्यात जास्त येणारा वास असेल तर झुरळं. टॉर्च लावलीत की मिरीपुडीसारखी काळी विष्ठा दिसेल. आणि मातकट, जुन्या ट्रंकेसारखा, ओल्या गोणपाटासारखा वास म्हणजे आपला कुबट वास: ओल आणि बुरशी.

बहुतेक घरांत यातले दोन एकत्र असतात. माझ्याकडे कुबट आणि गटाराचा होते.

सगळं बाहेर काढा, खरंच सगळं

अर्धं कपाट रिकामं करून काम होत नाही. फिनाइलची बाटली, भांड्यांचा साबण, काथ्या, पिशवीत कोंबलेल्या पिशव्या, रद्दी, कांद्या-बटाट्यांची टोपली, सगळं बाहेर. कांदे-बटाटे परत तिथे ठेवायचेच नाहीत. एक सडका बटाटा आख्ख्या कपाटाला वास लावतो आणि मग आपण पाइपला दोष देत बसतो.

दोन वस्तूंकडे नीट बघा. पहिलं पोतेरं. ओटा पुसून, न वाळवता, दाराच्या आतल्या खिळ्यावर टांगलेलं पोतेरं हे बुरशीचं घरच. बहिणीच्या घरी निम्मा वास त्या एका फडक्याचा निघाला. ते टाकून द्या आणि पुढचं गॅलरीत दोरीवर वाळवा. दुसरी ओल्या कचऱ्याची बादली. इंदूर 2017 साली देशातलं सर्वात स्वच्छ शहर ठरलं, तोवर ओला आणि सुका कचरा वेगळा करायची सवय घराघरांत लागली होती. सवय उत्तम आहे. पण ओल्याची बादली सिंकखालच्या बंद कप्प्यात गेली, आणि सकाळी गाडी येईपर्यंत सालींचं पाणी तिच्या तळाशी आंबत राहतं. बादली उचलून खालची चकती बघा, प्लायवर तपकिरी गोल दिसेल. ही बादली दाराबाहेर किंवा गॅलरीत, झाकण लावून ठेवा. जागाच नसेल तर तळाला कागदाची जाड घडी घाला आणि रोज बादली धुऊन उन्हात पालथी घाला.

कागद, पुठ्ठा आणि कापड यांना एकदा वास लागला की जात नाही. ते ठेवू नका. प्लास्टिक, स्टील, काच धुऊन बाहेर वाळू द्या.

पाणी कुठून येतंय

याच पायरीवर माणसं कंटाळतात आणि इथेच सगळं ठरतं. पाणी पाच वाटांनी येऊ शकतं. एकेक तपासा, पण आधी फडक्याने सगळं कोरडं करा, नाहीतर जुनं पाणी कुठलं आणि नवं कुठलं ते कळणार नाही.

आधी नळाकडे येणारं पाणी. भिंतीतून अँगल कॉक (पाणी बंद करायची छोटी तोटी) निघतो, त्यावर कनेक्शन पाइप. हे चोवीस तास दाबाखाली असतात, म्हणून तिथली गळती अगदी बारीक असली तरी थांबत नाही. पितळी नटवर हिरवट खपली किंवा पांढरा राप दिसला, तर तिथून बरेच दिवस पाणी झिरपतंय. बोअरचं जड पाणी असेल तर हा राप खडूसारखा जाड बसतो. प्रत्येक नटाभोवती वर्तमानपत्राची कोरडी पट्टी गुंडाळा आणि तासाभराने बघा. बोटाला न जाणवणारी ओल कागद लगेच दाखवतो.

आत्याच्या घरी ही युक्ती पहिल्या दिवशी फसली, कागद कोरडाच. जुन्या घरात ओट्यावर दोन नळ, एक टाकीचा आणि एक थेट नर्मदेचा. नर्मदेचं पाणी 1978 पासून जलूदहून सुमारे 70 किलोमीटरवरून उपसून इंदूरला येतं, आणि आत्याकडे ते एक दिवसाआड येतं. त्या नळाला दाब असायचाच एक दिवसाआड, त्यामुळे गळतीही एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी नळ आला आणि दहा मिनिटांत कागदाचा कडेचा मजकूर ओला झाला. तुमच्याकडे थेट नळ असेल तर पाणी आलेलं असतानाच तपासा.

मग सांडपाण्याची बाजू. इथे पाणी सिंक रिकामं होतानाच गळतं, त्यामुळे बंद नळ बघून काही कळत नाही. सिंकच्या भोकाला बूच लावा (बूच नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत ओलं फडकं गुंडाळून दाबा), सिंक काठोकाठ भरा आणि बूच काढून खाली टॉर्च धरा. वरची जाळी जिथे सिंकला बसते त्या वेस्ट कपलिंगचा सांधा, खालचा नट, ट्रॅपचे नट आणि पाइपचं तोंड असं वरून खाली बघत या. थेंब खालच्या टोकाला लटकतो, पण फुटलेला असतो वरचा सांधा. म्हणून सर्वात वरची ओली जागा शोधा. सांध्यांवर आधी टाल्कम पावडर भुरभुरवलीत तर पाण्याची रेघ स्पष्ट उमटते.

तिसरी वाट वरची. सिंक आणि ओट्याचा दगड यांच्या सांध्यातलं सिलिकॉन किंवा व्हाइट सिमेंट सुटलं, की भांडी घासताना उडालेलं पाणी तिथून आत उतरतं. कपलिंग कोरडं, ट्रॅप कोरडा, तरी कपाटाची मागची कड ओली असेल तर इथे बघा. सांध्याच्या कडेने तांब्याने हळूहळू पाणी ओता आणि दुसऱ्याला खालून बघायला सांगा.

चौथी वाट आरओ. मशीन सिंकखाली किंवा वर असेल तर बारीक पांढऱ्या नळ्या, फिल्टरच्या वाट्यांचे सांधे आणि सिंकमध्ये सोडलेली वाया जाणाऱ्या पाण्याची नळी तपासा. ती नळी घसरून मागे पडलेली असते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

पाचवी भिंत. पलीकडे मोरी किंवा न्हाणीघर असेल तर पाझर तिकडून येत असेल. भिंत पुसून वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला आले तर हवेतला दमटपणा. भिंतीतली ओल असेल तर कपाटात काय वाटेल ते करा, वास परत येणार. तिथे गवंडी किंवा प्लंबर बोलावण्याला पर्याय नाही.

ट्रॅप उघडून साफ करणं

ट्रॅपमध्ये पाण्याचा एक थर कायम उभा राहतो, साधारण 50 मिलिमीटर, म्हणजे तीन बोटं. त्यामुळे गटाराचा वायू वर येत नाही. सुट्टीत पंधरा-वीस दिवस घर बंद राहिलं की हे पाणी आटतं आणि परत येऊन दार उघडताच वास येतो. त्यावर उपाय सोपा: दोन तांबे पाणी ओता. पुण्याला किंवा मुंबईला जाताना शेवटी पाण्यावर चमचाभर खाण्याचं तेल सोडलंत, तर पाणी हळू आटतं.

साफ करण्यासाठी खाली बादली ठेवा, हातमोजे घाला आणि बॉटल ट्रॅपची (बाटलीच्या आकाराच्या ट्रॅपची) खालची वाटी हाताने डावीकडे फिरवा. पाना लागलाच तर फडकं गुंडाळून, नाहीतर प्लास्टिक तडकतं. आत काळपट, लोण्यासारखा मऊ चिकटा असतो. तो सिंकमध्ये धुऊ नका, कागदावर काढून कचऱ्यात टाका. मग साबण आणि जुना टूथब्रश. वॉशर नखाने चाचपून बघा. कडक, चपटं किंवा चिरलेलं असेल तर नवं घाला. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात जुनं वॉशर सोबत न्या, मापाचा अंदाज चुकतो. नट हाताने घट्ट करा आणि वर फक्त चतकोर फेरा. जास्त आवळल्याने गळती थांबत नाही, उलट चुडी (आटे) मरते. टेफ्लॉन टेप धातूच्या, चुडी असलेल्या सांध्यांसाठी, उदाहरणार्थ अँगल कॉकचा भिंतीतला सांधा. जिथे रबरी वॉशर बसतं तिथे टेपची गरज नाही.

ट्रॅपऐवजी नुसता घड्यांचा लवचीक पाइप असेल तर त्याच्या प्रत्येक घडीत मळी बसते. तो साफ करत बसू नका, बदला. शक्य असेल तर बॉटल ट्रॅपच बसवून घ्या. लवचीक पाइप वळवून त्यात पाणी अडवता येतं, पण ती वळी महिन्याभरात सरळ होते.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा सल्ला सगळीकडे मिळतो. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि तेलाचा थर तिथेच राहतो. साबण आणि कडकडीत गरम पाणी बरं, मात्र उकळतं नको. पीव्हीसीचे पाइप उकळत्या पाण्याने मऊ पडतात आणि सांधे सैल होतात. शेवयांचं किंवा बटाट्यांचं उकळतं पाणी टाकायचं असेल तेव्हा सोबत थंड पाण्याचा नळ सोडा.

फरशीतलं भोक

माझ्या घरातला गटाराचा वास इथून येत होता. किचन बसवणाऱ्यांनी पाइप भोकात नुसता सोडून दिला होता आणि भोवती दोन बोटांची फट होती. प्लंबर टॉर्च मारून म्हणाला, "दीदी, पाइप तो बस ऐसे ही डाल रखा है." त्या फटीतून वास येतो, झुरळं येतात आणि पावसाळ्यात गटारातली दमट हवाही येते. म्हणजे कपाटात ओल आणायला गळतीचीही गरज नाही.

पाइपच्या आणि भोकाच्या मापाची रबरी रिंग मिळते, ती बसवा. भोक वेडंवाकडं असेल तर रिंगेभोवती एम-सील (भेगा बुजवायची पुट्टी) किंवा सिमेंट भरा, पण पाइप स्वतः काढता येईल असा ठेवा. नुसती चिंधी कोंबू नका. ती ओल शोषते आणि दोन महिन्यांत तिलाच वास येतो. उंदरांचा त्रास असेल तर रिंगेच्या बाहेर स्टीलची जाळी लावा.

पुसणं आणि बुरशी मारणं

गळती थांबल्याखेरीज ही पायरी करू नका. खिडकी उघडा, हातमोजे आणि मास्क घाला, घरात दमा असलेलं कुणी असेल तर त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा. कोरड्या बुरशीवर झाडू फिरवू नका, बीजाणू घरभर उडतात. ओल्या फडक्याने पुसा.

आधी साबणाचं पाणी, कारण तेलकट थराखालच्या बुरशीला औषध लागत नाही. मग जागा बघून औषध. कडप्पा, कोटा, टाइल, प्लास्टिक अशा कठीण पृष्ठभागांसाठी चार लिटर पाण्यात एक कप द्रवरूप ब्लीच. पाच-दहा मिनिटं ओलं ठेवून पुसून घ्या. कडप्प्यावर व्हिनेगर टाळा, चुनखडीच्या दगडाला आम्ल खातं. प्लायवर ब्लीच वरच्यावर राहतं आणि त्यातलं पाणी मात्र आत मुरतं, म्हणून तिथे औषधाच्या दुकानातलं 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा साधं पांढरं व्हिनेगर फडक्याने लावा. या दोन्हींपैकी एकच वापरा.

ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, संडास साफ करायचं ॲसिड किंवा अमोनिया असलेलं क्लीनर कधीही मिसळू नका. एकाच दिवशी एकामागून एकही नको. त्यातून विषारी वायू निघतो आणि आपलं डोकं तेव्हा बंद कपाटात असतं.

कोपरे विसरू नका. तळाच्या फळीची मागची कड, बिजागरीच्या मागची जागा, दाराची खालची धार आणि कपाटाखालच्या पायांच्या पट्टीमागची फरशी. ती पट्टी ओढली की निघते. माझ्याकडे तिच्यामागे पसाभर ओली, काळी धूळ निघाली.

सुकवणं

दार उघडं, पट्टी काढलेली, टेबल फॅन कपाटाच्या तोंडाशी तिरका, आणि निदान तीन दिवस. वैशाखात माळव्याची कोरडी लू हे काम एका दिवसात करते. आषाढ-श्रावणात बाहेरची हवाच ओली असते, तेव्हा पाच दिवसही लागतात. म्हणून जमलं तर ही सगळी तपासणी पाऊस येण्याआधी, जूनच्या सुरुवातीलाच करा. लाकूड कोरडं झालं का हे हाताने कळतं: तळहात मिनिटभर टेकवा, शेजारच्या कोरड्या कपाटापेक्षा गार लागलं तर ओल अजून आहे.

त्यानंतर कोळसा, बेकिंग सोड्याची उघडी वाटी किंवा ओल शोषणारी कॅल्शियम क्लोराइडची डबी ठेवायला हरकत नाही. यांचं काम उरलासुरला वास आणि दमटपणा टिपण्याचं. डबीत साचलेलं पाणी खारं असतं, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

फुगलेल्या फळीचं काय

पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळ्या) एकदा फुगला की पुन्हा बसत नाही. त्याच्या पोटात बुरशी असते आणि वर कितीही रंग दिला तरी वास येतो. तो काढाच. प्लायचे थर सुटले नसतील, सुरीचं टोक आत जात नसेल, तर वाळवून वाचतं. नवी फळी घालायची असेल तर दुकानदाराकडे आयएस 710 चा शिक्का असलेलं मरीन प्लाय मागा आणि शिक्का स्वतः बघा. सुताराला सांगा की कापलेल्या कडांना प्रायमर आणि ऑइल पेंट हवाच, पाणी कडेतूनच शिरतं. माझं मत विचाराल तर सिंकखाली लाकूड नकोच. आत्याच्या ओट्याखाली कडप्प्याची फळी आहे, दार जाळीचं आहे, आणि गळती होऊनही तिथे कुबट वास नावालाच होता, कारण हवा खेळती होती. आमच्या बंद शटरमध्ये मी नंतर वर आणि खाली गोल जाळ्या बसवून घेतल्या. सुताराचं अर्ध्या तासाचं काम.

कपाट परत भरण्याआधी

रात्री सगळं बंद करा, आत फक्त वर्तमानपत्राचं एक कोरडं पान पसरून ठेवा. सकाळी चहा ठेवण्याआधी, नाक ताजं असताना, दार उघडा. आपल्या नाकाला घरच्या वासाची सवय झालेली असते, म्हणून शेजारणीलाही एकदा बोलवा. मी समोरच्या वहिनींना बोलावलं होतं, त्या वाकल्या आणि म्हणाल्या, "लाकडाचा येतोय, बाकी काही नाही." पान हातात घेतलं तर कडकडीत होतं. तुमच्याकडे पान मऊ लागलं, तर ते ज्या बाजूला मऊ आहे तिथून तपासणी पुन्हा सुरू करा, आणि तोवर परात बाहेरच राहू द्या.